तिसऱ्यांच्या जनुकांवर तांब्याचा परिणाम: मात्रा-प्रतिसाद वक्र, डीआरओमिक्स आणि प्रयोगाची आखणी

काठावरची

नमस्कार. मी रत्नागिरीजवळच्या एका लहान प्रयोगशाळेत खाडीतील शिंपल्यांवर काम करते. सध्याचा विषय तिसऱ्या आणि तांबे. होड्यांच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून जो रंग लावतात, त्यात पूर्वी ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचे विषारी संयुग असे. त्यावरील आंतरराष्ट्रीय बंदी २००८ साली अमलात आली आणि त्याची जागा मुख्यत्वे तांब्याच्या संयुगांनी घेतली. आपल्याकडे पावसाळी बंदीच्या काळात होड्या वर ओढल्या जातात, जुना रंग खरवडला जातो आणि समुद्रात उतरवण्यापूर्वी नवा हात दिला जातो. ते खरवडलेले पापुद्रे खाडीच्या चिखलातच पडतात आणि त्याच चिखलात तिसऱ्या असतात.

तिसऱ्या मरतात की जगतात एवढेच मला पाहायचे नाही. मरण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या पेशींत काय बदलते आणि तो बदल तांब्याच्या नेमक्या किती संहतीला सुरू होतो, हे मला आरएनए अनुक्रमणातून, म्हणजे कोणते जनुक किती सक्रिय आहे (त्याची अभिव्यक्ती) हे मोजून, काढायचे आहे. पैसा मोजका असल्यामुळे एकूण चोवीस नमुन्यांचेच अनुक्रमण करता येईल. माझा आराखडा असा होता की नियंत्रण गट (तांबे न घातलेला) आणि लिटरला १०, ५० व १०० मायक्रोग्रॅम तांबे असे चार गट करायचे, प्रत्येक गटात सहा टाक्या ठेवायच्या आणि नंतर प्रत्येक गटाची नियंत्रणाशी तुलना करायची. मात्र मार्गदर्शकांनी ‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणकभाषेतील डीआरओमिक्स ही प्रणाली वापरून प्रत्येक जनुकाचा मात्रा-प्रतिसाद वक्र, म्हणजे संहतीनुसार अभिव्यक्ती कशी बदलते ती रेषा, काढण्यास सुचवले आहे. मी त्यातील नमुना विदा चालवून पाहिली आणि आता आराखड्याबद्दलच शंका वाटू लागली आहे. ज्यांनी ही प्रणाली वापरली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

आकडेमोड

काठावरचीताई, आपली शंका योग्य आहे आणि टाक्या लावण्यापूर्वी ती आली हे फार बरे झाले, कारण आखणीतली चूक नंतर कोणत्याही प्रणालीने भरून निघत नाही.

गटागटांची तुलना करताना प्रश्न असा असतो की ‘या गटातील सरासरी नियंत्रणापेक्षा वेगळी आहे का’. त्या प्रश्नाला जास्त पुनरावृत्ती (एकाच संहतीच्या अनेक टाक्या) लागतात, म्हणून सहा-सहा टाक्यांची सवय पडली आहे. वक्राचा प्रश्न निराळा आहे. जनुकाची अभिव्यक्ती संहतीबरोबर कशी चढते किंवा उतरते, ती कोठे वळते आणि ठरावीक बदल कोठे गाठला जातो, हे तिथे पाहायचे असते. वळण पकडायचे तर त्या वळणाच्या आसपास बिंदू हवेत. एकाच जागी सहा बिंदू ठेवले म्हणजे तेवढ्या एका जागेची सरासरी पक्की होते, पण दोन जागांच्या मधले काहीच कळत नाही. डीआरओमिक्सच्या कर्त्यांचीही हीच भूमिका आहे: नमुन्यांची संख्या ठरलेली असेल तर पुनरावृत्ती कमी करा आणि संहतींची संख्या वाढवा.

पुनरावृत्ती कमी केल्या तर नमुन्यांतील नैसर्गिक चढउतार कसा मोजणार, असे आपल्याला वाटेल. इथे चढउताराचा अंदाज एकेका गटातून निघत नाही. वक्र बसवल्यावर सर्व बिंदू त्या वक्रापासून किती दूर आहेत यावरून, म्हणजे अवशिष्ट प्रमाण विचलनावरून, तो निघतो. त्यामुळे चोवीसच्या चोवीस टाक्या त्या अंदाजाला हातभार लावतात.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आपली सर्वांत कमी संहती १० मायक्रोग्रॅम आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा खाऱ्या पाण्यातील विरघळलेल्या तांब्याचा निकष अल्पकालीन संपर्कासाठी लिटरला ४.८ आणि दीर्घकालीन संपर्कासाठी ३.१ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे जिथे धोका सुरू होतो असे मानले जाते, त्या पट्ट्यात आपला एकही बिंदू नाही. शून्य आणि दहा यांच्यामध्ये वक्र सरळ गेला की वळला हे प्रणाली अंदाजाने सांगेल आणि तो अंदाज नकाशावर शाईने काढलेल्या रेषेसारखा ठाम दिसेल.

माझी सूचना अशी. नियंत्रणाला सहा टाक्या ठेवा. उरलेल्या अठरा टाक्यांत नऊ संहती, प्रत्येकी दोन टाक्या. संहती भूमितीय श्रेणीने घ्या: १, १.८, ३.२, ५.६, १०, १८, ३२, ५६ आणि १००. अशाने दीर्घकालीन निकषाच्या खाली दोन बिंदू येतात आणि वरचा पट्टाही सुटत नाही. एखादी टाकी फसली तरी तिच्या दोन्ही बाजूंचे शेजारी वक्र सावरून धरतात.

आणि ‘टाकी’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. एकाच टाकीतल्या तीन तिसऱ्या म्हणजे तीन पुनरावृत्ती नव्हेत, कारण त्यांनी एकच पाणी प्यायले आहे.

शेवाळ

मी गोड्या पाण्यातील सूक्ष्म शैवालांवर काम करतो आणि डीआरओमिक्स बरीच वर्षे वापरतो आहे. मूळ लेख २०१८ साली आला. त्यातील उदाहरण सिनिडेस्मस या हरित शैवालाचे होते. त्याला ट्रायक्लोसान हे जंतुनाशक दिले होते आणि जनुकांच्या अभिव्यक्तीची विदा तपासली होती. पुढे २०२३ मध्ये कर्त्यांनी या कार्यप्रवाहाचा विस्तृत लेख प्रसिद्ध केला. प्रणाली विनामूल्य आहे आणि ज्यांना ‘आर’च्या ओळी लिहिण्याची सवय नाही त्यांच्यासाठी ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्तीही आहे.

काम टप्प्याटप्प्याने होते. आधी विदा आत घेऊन तिचे सामान्यीकरण करायचे. आरएनए अनुक्रमणाच्या मोजण्या असतील तर ते डीईसेक-२ या ‘आर’मधील दुसऱ्या प्रणालीच्या रीतीने लघुगणकासारख्या प्रमाणावर आणले जाते. मग ‘आयटमसिलेक्ट’ ही आज्ञा हजारो जनुकांतून संहतीला खरोखर प्रतिसाद देणारी वेगळी काढते. त्यासाठी द्विघाती (क्वाड्रॅटिक) कल चाचणी वापरली, तर एकाच दिशेने जाणारे आणि मध्येच दिशा बदलणारे असे दोन्ही प्रतिसाद सापडतात. यानंतर ‘डीआरसीफिट’ निवडलेल्या प्रत्येक जनुकावर रेषीय, घातांकी, हिल, गॉस-प्रॉबिट आणि लॉग-गॉस-प्रॉबिट या प्रतिरूपांपैकी सर्वांत योग्य ते बसवते. शेवटी ‘बीएमडीकॅल्क’ बेंचमार्क मात्रा, म्हणजे ठरावीक बदल जिथे गाठला जातो ती संहती, काढते आणि ‘बीएमडीबूट’ त्या मात्रेचे विश्वासांतर, म्हणजे ती कोणत्या दोन मूल्यांच्या दरम्यान असू शकते तो पट्टा, देते.

आधी वक्र नुसते डोळ्यांनी पाहा, हा माझा आग्रह आहे. पहिल्या खेपेला मी थेट कोष्टकाकडे गेलो होतो आणि दोन आठवडे चुकीच्या निष्कर्षाभोवती फिरत राहिलो. प्रत्येक चौकटीत बिंदू आणि त्यांवरून जाणारी रेषा असते. शंभर चौकटी पाहिल्या की कोणती रेषा बिंदूंमुळे वळली आहे आणि कोणती एकाच भरकटलेल्या टाकीमुळे, हे डोळ्यांना कळू लागते.

काठावरची

दोघांचेही मनापासून आभार. नवी आखणी मला पटली.

आता बेंचमार्क मात्रेबद्दल विचारते. प्रणाली दोन प्रकारच्या मात्रा देते. एकीत बदलाचे माप प्रमाण विचलनाच्या पटीत धरले आहे, तर दुसरीत नियंत्रणाच्या मूल्याच्या दहा टक्के बदल धरला आहे. आमच्याकडे सर्वांना दहा टक्क्यांची भाषा सवयीची आहे आणि अहवाल वाचणाऱ्यांनाही ती चटकन समजेल. मग तीच का घेऊ नये?

आकडेमोड

कारण आपली विदा लघुगणकी प्रमाणावर आहे आणि तिथे दहा टक्क्यांचा अर्थ जनुकागणिक बदलतो.

समजा एका जनुकाची नियंत्रणातील पातळी दोनच्या पायावरील लघुगणकात ८ आहे. तिचे दहा टक्के म्हणजे ०.८. मूळ प्रमाणावर याचा अर्थ सुमारे १.७४ पट वाढ. दुसरे जनुक कमी अभिव्यक्त होणारे आहे आणि त्याची पातळी ३ आहे. तिचे दहा टक्के ०.३, म्हणजे सुमारे १.२३ पट. पहिल्याकडून आपण पाऊणपट वाढीची अपेक्षा करतो आणि दुसऱ्याकडून पावपटीहूनही कमी वाढीवर समाधान मानतो, आणि तरीही दोघांच्या मात्रा एकाच आलेखावर शेजारी मांडून ‘हे जनुक अधिक संवेदनशील’ असे म्हणतो. तो फरक संवेदनशीलतेचा नसून मोजपट्टीचा असतो.

प्रमाण विचलनाच्या रीतीने त्याच पहिल्या जनुकाकडे पाहा. पातळी ८, वक्राभोवतीचे अवशिष्ट प्रमाण विचलन समजा ०.३. पट एक धरली तर बदलाची सीमा वरच्या बाजूला ८.३ आणि खालच्या बाजूला ७.७ होते. वक्र यांपैकी एका सीमेला प्रथम ज्या संहतीला छेदतो ती बेंचमार्क मात्रा. जनुकाच्या स्वतःच्या गोंगाटातून बदल वर आला की नाही, हाच निकष सर्वांना सारखा लागतो.

ताई, याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हे माप गोंगाटावर अवलंबून असल्याने प्रयोगात हलगर्जी झाली, पाण्याची क्षारता टाकीगणिक वेगळी राहिली किंवा आरएनए काढण्यास काही नमुन्यांना उशीर झाला, तर विचलन फुगते, सीमा दूर जाते आणि बेंचमार्क मात्रा वाढते. म्हणजे ढिसाळ प्रयोगामुळे तांबे प्रत्यक्षापेक्षा निरुपद्रवी दिसते. जोखीम मूल्यांकनात ही चूक सर्वांत घातक दिशेची आहे. म्हणून टाकीकडचे काम नीट होणे हा या आकड्याचाच भाग आहे.

दर्याकिनारी

मी संशोधक नाही. आमचे घर खाडीवर आहे आणि माझी आई चाळीस वर्षे ओहोटीला तिसऱ्या काढत आली आहे. हा धागा विषयामुळे वाचत गेलो. आकड्यांतले सगळे कळले नाही, पण एक गोष्ट विचारावीशी वाटते.

तिसरीला पाणी मानवले नाही की ती तोंड मिटून बसते. पहिल्या पावसात वरून गढूळ गोडे पाणी आले की खाडीतल्या तिसऱ्या अशाच मिटून राहतात. घरी आणल्यावर माती सोडावी म्हणून आपण त्या खाऱ्या पाण्यात ठेवतो तेव्हाही पाणी बरोबर असेल तरच त्या उघडतात, नाहीतर तासन् तास तशाच. मग आपण टाकीत तांबे जास्त घातले आणि तिने तोंडच मिटून घेतले, तर ते तांबे तिच्यापर्यंत पोहोचणार कसे?

आकडेमोड

दर्याकिनारी, या धाग्यातला आतापर्यंतचा सर्वांत मोलाचा प्रश्न आपण विचारला आहे. आम्ही संहतीच्या आडव्या अक्षावर जे लिहितो ते पाण्यातले तांबे असते. शिंपल्याच्या आत काय पोहोचले याबद्दल तो अक्ष काहीच बोलत नाही.

काठावरची

आपल्या आईला माझा नमस्कार सांगावा. हा प्रश्न वाचून मी प्राथमिक चाचणीची वही पुन्हा काढली. १०० मायक्रोग्रॅमच्या टाकीबद्दल माझ्याच अक्षरात ‘दुपारपर्यंत सर्व बंद, नळ्या बाहेर नाहीत’ असे लिहिलेले आहे आणि मी ते वाचून पुढे गेले होते.

यामुळे आणखी एक गोष्ट उलगडते. शिंपला बराच काळ मिटलेला राहिला की आतला प्राणवायू संपत येतो आणि पेशी प्राणवायूविना चालणाऱ्या चयापचयाकडे वळतात. म्हणजे वरच्या संहतींना जी जनुके जोराने प्रतिसाद देतील त्यांतली काही तांब्याला उत्तर देत नसून मिटून राहण्याला उत्तर देत असतील. उलट मेटॅलोथायोनीनसारखे जनुक, जे धातूला बांधणारे प्रथिन तयार करते, ते मधल्या संहतींना चढेल आणि वर गेल्यावर तांबे आत न आल्यामुळे किंवा पेशीच खचल्यामुळे उतरेल. वक्र घंटेसारखा दिसेल आणि त्याची दोन पूर्णपणे वेगळी कारणे असू शकतील.

यासाठी मी आता दोन गोष्टी करणार आहे. प्रत्येक टाकीवर साधा कॅमेरा लावून दर दहा मिनिटांनी छायाचित्र घ्यायचे आणि किती तिसऱ्या उघड्या आहेत ते मोजायचे. आणि प्रयोगाच्या शेवटी प्रत्येक टाकीतल्या काही तिसऱ्यांच्या मांसातले तांबे मोजायचे.

शेवाळ

छान. त्या उघडझापीच्या नोंदी नुसत्या वहीत ठेवू नका. डीआरओमिक्समध्ये जनुकांव्यतिरिक्त संपूर्ण प्राण्याच्या पातळीवरची मोजमापेही त्याच पद्धतीने बसवता येतात. किती वेळ उघड्या होत्या, तासाला किती पाणी गाळले, वाळूत किती लवकर शिरल्या, अशा मोजमापांचीही बेंचमार्क मात्रा काढा. मग एका आलेखावर जनुकांच्या मात्रा आणि त्याच अक्षावर मिटून राहण्याची मात्रा असे मांडता येईल. ज्या जनुकांची मात्रा मिटण्याच्या मात्रेहून स्पष्टपणे खाली आहे, त्यांचा प्रतिसाद तांब्याचा आहे असे म्हणण्यास आधार मिळतो. जी तिच्या वर आहेत त्यांच्याबद्दल हात राखूनच लिहावे.

गॉस-प्रॉबिट प्रतिरूपे याच कामाची आहेत. चढून उतरणारे आणि उतरून चढणारे वक्र ती स्वाभाविकपणे दाखवतात. बहुपदी वक्र घेतला तर तो टोकांना वाटेल तसा वळतो. घंटेसारख्या वक्राची चढती बाजू मात्रा काढण्यास पुरेशी असते, कारण सीमा पहिल्यांदा जिथे ओलांडली जाते तीच संहती आपल्याला हवी असते.

संहती मोजण्याबद्दल एक कळकळीची विनंती, कारण यात मी स्वतः पोळलो आहे. आमच्या प्रयोगशाळेत एकदा मोरचूद, म्हणजे पाच रेणू पाणी असलेले कॉपर सल्फेट, तोलून द्रावण केले आणि क्षाराचे वजन हेच तांब्याचे वजन समजून सर्व टाक्यांवर पाट्या लावल्या. त्या क्षाराचा रेणुभार २४९.७ आहे आणि त्यात तांबे ६३.५५, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून किंचित जास्त. पाटीवर १०० लिहिलेल्या टाकीत प्रत्यक्षात सुमारे २५ होते. सर्व वक्र सुंदर आले होते, विश्वासांतरे अरुंद होती, प्रणालीने कोणतीही सूचना दिली नाही, आणि प्रत्येक मात्रा चौपट चढी होती. त्या सहा महिन्यांतले समाधान एवढेच की सर्वांना एकाच संख्येने भागून ती सुधारता आली. आम्ही पाणी मोजायला पाठवले नसते तर तो आकडा तसाच बाहेर गेला असता.

म्हणून दोन टप्प्यांवर पाणी मोजा: तांबे घातल्यावर तासाभरात आणि पाणी बदलण्याच्या अगदी आधी. खाडीच्या पाण्यातले सेंद्रिय द्रव्य तांब्याला बांधून ठेवते, काही तांबे टाकीच्या भिंतींना चिकटते आणि काही प्राणी घेतात, त्यामुळे शेवटी उरणारे तांबे बरेच कमी असू शकते. प्रणालीला पाटीवरची संहती न देता प्रत्येक टाकीची मोजलेली सरासरी संहती द्या. दोन जोड टाक्यांची मूल्ये सारखी नसली तरी वक्राला त्याची अडचण होत नाही, उलट थोडे वेगळे बिंदू मिळतात.

काठावरची

मोजलेली संहती द्यायची तर नियंत्रणाचे काय? खाडीच्या पाण्यात थोडे तांबे मुळातच असते, त्यामुळे माझ्या नियंत्रण टाक्यांत शून्य कधीच मिळणार नाही आणि प्रणाली तर नियंत्रणाला शून्य मागते.

शेवाळ

निसर्गातून गोळा केलेल्या विदेसाठी याची सोय केलेली आहे. ‘बॅकग्राउंडडोस’ या नावाने एक पार्श्वभूमी मात्रा सांगता येते आणि तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा कमी मोजमाप असलेले नमुने नियंत्रण समजले जातात. मात्र ती सीमा निकाल पाहून ठरवू नका. नियंत्रण टाक्यांच्या मोजमापांवरून आधीच ठरवा आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवा.

सुरूची_बाग

मध्येच विचारतो. आमच्याकडे बेंचमार्क मात्रा काढायला बीएमडीएक्स्प्रेस ही दुसरी प्रणाली वापरतात. त्यापेक्षा हे चांगले कसे?

आकडेमोड

दोन्हींचा मूळ विचार एकच आहे. बीएमडीएक्स्प्रेसची घडण मानवी आरोग्याच्या विषशास्त्रातून झाली, जिथे उंदरांसारखे परिचित प्राणी आणि त्यांच्या जनुकांची तयार सूची हाताशी असते. पर्यावरणीय कामात बहुधा अशी जात असते जिच्या जनुकसंचाबद्दल फारसे लिहिलेले नाही. डीआरओमिक्स त्या परिस्थितीसाठी लिहिलेली आहे. वक्र आणि मात्रा काढताना तिला जनुकाचे नाव किंवा काम माहीत असण्याची गरज पडत नाही, ती माहिती शेवटी अर्थ लावताना स्वतंत्रपणे जोडायची असते. सगळी पावले ‘आर’च्या ओळींत लिहिलेली राहत असल्याने दुसऱ्याला तोच निकाल पुन्हा काढता येतो, हाही माझ्या दृष्टीने मोठा गुण आहे.

काठावरची

तिसऱ्यांबाबत हा मुद्दा अगदी लागू आहे. तिसऱ्यांचा तयार जनुकसंच नसल्याने मी आरएनएचे वाचलेले तुकडे जुळवून अनुक्रम तयार करणार आहे आणि त्यातल्या पुष्कळ अनुक्रमांना नाव मिळणार नाही.

शेवाळ

मग एक सावधगिरी. अशा जुळणीत एकाच जनुकाचे चार-पाच तुकडे वेगवेगळे अनुक्रम म्हणून राहतात. पुढे आपण ‘प्रथिन घडण’ किंवा ‘मेदाम्लांचे विघटन’ अशा गटांनुसार मात्रा मांडाल, तेव्हा एकच जनुक पाच मते देऊन जाईल. तुकडे आधी एकत्र करा.

गटांची तुलना करताना प्रणाली सवयीने प्रत्येक गटातील मात्रांचे पहिले चतुर्थक देते, म्हणजे ज्याच्या खाली गटातल्या पाव मात्रा येतात ते मूल्य. मला ते योग्य वाटते. सर्वांत लहान मात्रा एकाच भरकटलेल्या वक्राची असू शकते आणि मध्यक घेतला तर गटातील लवकर हलणारी जनुके झाकली जातात. पण गटात तीनच जनुके असतील तर चतुर्थकालाही अर्थ नाही, म्हणून गटाच्या आकाराचा आकडा शेजारी छापत चला.

‘बीएमडीबूट’मधील बूटस्ट्रॅपला वेळ लागतो, कारण प्रत्येक जनुकासाठी हजार वेळा वक्र पुन्हा बसवला जातो. आपल्याकडे पावसात वीज जाते हे लक्षात घेऊन प्रत्येक टप्प्याचा निकाल फाइलमध्ये जतन करून मगच पुढे जा. निकाल आल्यावर ज्यांचे विश्वासांतर एका बाजूने अनंताकडे जाते ती जनुके ‘बीएमडीफिल्टर’ने गाळता येतात. किती गाळली ते लिहा.

दर्याकिनारी

हा आकडा निघाल्यावर आम्ही काय समजायचे? आई विचारते की यावरून तिसऱ्या खाव्यात की नाही हे कळेल का.

आकडेमोड

याचे स्पष्ट उत्तर द्यायला हवे: नाही, यावरून ते कळणार नाही. माणसाने खाण्यासाठीची सुरक्षितता मांसात धातू किती आहे, तो किती खाल्ला जातो आणि माणसाच्या शरीरावर त्याचा काय परिणाम होतो यावरून ठरते. इथे प्रश्न तिसरीच्या स्वतःच्या आरोग्याचा आहे.

तिसरीच्या बाबतीतही एका जनुकाची बेंचमार्क मात्रा म्हणजे हानीची सीमा नव्हे. मेटॅलोथायोनीन वाढणे ही बचावाची हालचाल आहे आणि बचाव यशस्वीही होऊ शकतो. जनुकांतला बदल, मग पेशीतला, मग गाळण्याच्या आणि वाढीच्या वेगातला, मग पिलावळीतला, अशी साखळी जोडली गेली तरच तो आकडा परिसंस्थेच्या जोखमीत वापरता येतो. म्हणूनच शेवाळ यांनी संपूर्ण प्राण्याच्या मोजमापांवर भर दिला. आपल्या आईने सांगितलेली तोंड मिटण्याची गोष्ट त्या साखळीतली एक कडी आहे. मिटलेली तिसरी पाणी गाळत नाही, म्हणजे खात नाही, आणि न खाणारी तिसरी वाढत नाही. जनुकांची मात्रा या कडीच्या किती आधी येते हे कळले, तर खाडीतले पाणी त्या पातळीकडे सरकताना वेळेवर लक्षात येईल. या आकड्याचा उपयोग असा पूर्वसूचनेचा आहे आणि माझ्या मते तो लहान नाही.

दर्याकिनारी

समजले. आईलाही सांगितले. ती म्हणाली की मग पावसाआधीच्या तिसऱ्या घ्या, पावसातल्या नकोत, त्या आधीच हैराण असतात.

काठावरची

आई बरोबर सांगत आहेत आणि त्यामुळे माझ्या वेळापत्रकातली एक चूक निस्तरता आली. जागा कमी असल्यामुळे मी प्रयोग दोन फेऱ्यांत करणार होते: खालच्या संहती मे महिन्यात आणि वरच्या पाऊस सुरू झाल्यावर. तसे केले असते तर क्षारता, तापमान आणि तिसऱ्यांची अवस्था हे सगळे संहतीच्या अक्षात मिसळले असते आणि नंतर कोणत्याही गणिताने ते वेगळे करता आले नसते.

आता दोन्ही फेऱ्या पावसाआधीच होतील. प्रत्येक फेरीत नियंत्रणाच्या तीन टाक्या आणि नऊही संहतींची एकेक टाकी असेल. वक्र बसवण्यापूर्वी सर्व नमुन्यांचा मुख्य घटक आलेख (एकमेकांसारखे नमुने जवळ दाखवणारा) काढून त्यात फेऱ्यांचे दोन पुंजके वेगळे पडतात का ते पाहीन. पडलेच, तर फेरीचा परिणाम आधी काढून टाकावा लागेल, आणि प्रत्येक फेरीत सर्व संहती असल्याने तो काढता येईल.

आकडेमोड सर, यात काही राहून गेले असेल तर सांगावे.

आकडेमोड

टाक्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. खिडकीजवळची रांग सगळी कमी संहतीची, असे होऊ देऊ नका. आरएनए काढण्याचा क्रमही चिठ्ठ्यांनीच लावा, नाहीतर सकाळचे नमुने नियंत्रणाचे आणि संध्याकाळचे शंभरचे होतात. बाकी आराखडा चांगला आहे.

काठावरची

तसेच करते. दर्याकिनारी, एक विनंती आहे. पहिल्या फेरीसाठी मला एकाच जागेवरच्या, साधारण एकाच आकाराच्या दीडशे तिसऱ्या हव्या आहेत आणि त्या होड्या ओढतात त्या भागापासून दूरच्या असाव्यात. आईंना विचाराल का?

दर्याकिनारी

विचारले. अमावास्येच्या ओहोटीला पाणी चांगले उतरते, तेव्हा वरच्या अंगाच्या वाळूच्या पट्टीवर मिळतील असे ती म्हणते. सकाळी लवकर यावे लागेल. बादल्या आणा, पण पाणी त्याच जागेचे भरून घ्या, नळाचे नको. आणि रस्त्यात बादली उन्हात ठेवू नका, नाहीतर घरी पोहोचेपर्यंत सगळ्या मिटलेल्या असतील.